रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ, धनशक्ती बाजरी आणि आपल्या घरचा लोह-जस्ताचा हिशेब

मागच्या महिन्यात एका गावात माती नमुन्यांच्या कामासाठी गेलो होतो. ज्यांच्या ओट्यावर बसलो होतो, त्या घरातल्या वहिनी सुपात रेशनचा तांदूळ निवडत होत्या. खडे, गोंडर बाजूला टाकता टाकता त्या थोडे पिवळसर, जरा वेगळे दिसणारे दाणेही वेचून अंगणात टाकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, प्लॅस्टिकचा तांदूळ हाय ह्यो. पाण्यात टाकला की वर तरंगतोय." ते दाणे कोंबड्या टिपत होत्या.

तो प्लॅस्टिकचा तांदूळ नव्हता. ज्या दाण्यांसाठी केंद्र सरकारने हजारो कोटी रुपये मंजूर केले, तेच दाणे अंगणात चालले होते. या घरात बाजरीही पिकते, मटकीही पिकते. त्यांच्या नववीतल्या मुलीला शाळेतून दर आठवड्याला निळी गोळी मिळते, ती ती खात नाही. म्हणजे लोह या घरात तीन वाटांनी येतं आहे आणि तिन्ही वाटांवर सांडतं आहे. म्हणून आज पिकाऐवजी थोडं ताटाबद्दल बोलू. शेवटी वळण शेताकडेच आहे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे, आधीच्या फेरीत ते ४८ टक्के होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचं चित्र जास्त वाईट आहे: महाराष्ट्रात ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्के. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. जंत, मलेरिया, बी-१२ आणि फॉलिक ॲसिडची कमतरता, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल, अशी बरीच कारणं आहेत. पण लोह हे मोठं कारण आहे, आणि त्यावर शेतकऱ्याच्या हातात काही आहे, म्हणून त्याच्याबद्दल इथे जास्त लिहितो.

सरकारने निवडलेला रस्ता

१५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून फोर्टिफाइड तांदूळच देण्याची घोषणा केली. रेशन, शालेय पोषण आहार, अंगणवाडी असा टप्प्याटप्प्याने तो पोहोचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवायला मंजुरी दिली, त्यासाठी १७,०८२ कोटी रुपयांची तरतूद केली.

हा तांदूळ बनतो कसा, हे विस्तार कार्यकर्त्यांनी गावात नीट समजावून सांगायला हवं. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. असा एक दाणा साध्या तांदळाच्या शंभर दाण्यांत मिसळायचा. हे दाणे यंत्रातून दाबून काढलेले असल्याने कधी रंगाला वेगळे दिसतात, कधी पाण्यावर तरंगतात. प्रमाण ठरलेलं आहे: एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम बी-१२. शंभरात एकच दाणा असल्यामुळे तो एक वेचून टाकला की वर टाकलेलं सगळं पोषण गेलं. खूप पाण्यात शिजवून पेज ओतून दिली तरी बरंच जातं. हा तांदूळ वेचू नये, एक-दोनदा हलकाच धुवावा आणि पाणी आटवूनच शिजवावा.

सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांबाबत नंदुरबार, गडचिरोलीकडचे कार्यकर्ते वारंवार विचारतात. आधी पिशवीवर तशी सूचना छापावी लागायची. तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर २०२४ मध्ये ती अट काढून टाकली. तरीही ज्या घरात असा रुग्ण आहे, तिथे डॉक्टरांना विचारूनच पुढे जा, असं मी सांगतो. लोहाच्या गोळ्यांबाबत तर हे पक्कंच पाळा.

या योजनेला माझा विरोध नाही. शहरातल्या, भूमिहीन, रोजंदारीवरच्या कुटुंबाला दुसरा पर्याय पटकन देता येत नाही. बी-१२ तर वनस्पतीतून मिळतच नाही. ज्या घरात दूध-दही कमी आणि अंडी-मटण-मासे नाहीत, तिथे ते बाहेरूनच द्यावं लागणार. माझा प्रश्न वेगळा आहे. जो शेतकरी स्वतः धान्य पिकवतो, त्याच्या धान्यातच लोह-जस्त वाढवायची सोय आपल्याच कृषी विद्यापीठांनी करून ठेवली आहे, मग ते बियाणं त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही?

शेतातून येणारं लोह

जैवसंपृक्त वाण, ज्यांना आपण बायोफोर्टिफाइड म्हणतो, त्यात बाहेरून काही मिसळलेलं नसतं. पैदासकारांनी ज्या वाणांच्या दाण्यात मुळात लोह-जस्त जास्त उतरतं, ते निवडून पुढे आणले. बाजरीचा धनशक्ती हा वाण इक्रिसॅट आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून दिला. तो २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. त्याच्या दाण्यात सुमारे ७१ पीपीएम लोह आणि ४० पीपीएम जस्त असतं. सर्वसाधारण बाजरीत लोह ४५ ते ५० पीपीएमच्या आसपास राहतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या एएचबी १२०० या संकरित वाणात लोह सुमारे ७३ पीपीएम, तर एएचबी १२६९ मध्ये ९१ पीपीएम आहे. ज्वारीत परभणी शक्ती (लोह ४५, जस्त ३२ पीपीएम) आणि बन्सी गव्हात पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस ४०२८ (लोह ४६.१, जस्त ४०.३ पीपीएम) हे वाण आहेत. २०१८ पासून तर बाजरीचा नवा वाण प्रसारित करायचा असेल तर दाण्यात किमान ४२ पीपीएम लोह आणि ३२ पीपीएम जस्त हवं, अशी अटच आहे.

पीपीएम म्हणजे एका किलोत तितके मिलिग्रॅम. आता हिशेब करू. एक बाई दिवसात २०० ग्रॅम बाजरीचं पीठ खाते असं धरा. साध्या बाजरीतून ९ ते १० मिलिग्रॅम लोह मिळेल, धनशक्तीतून सुमारे १४. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. म्हणजे केवळ वाण बदलल्याने जवळपास निम्मी गरज भाकरीतून भागते. वर ८ मिलिग्रॅम जस्त मिळतं, त्याची स्त्रीची गरज १३.२ मिलिग्रॅम आहे. तेवढ्याच, म्हणजे २०० ग्रॅम फोर्टिफाइड तांदळातून मिसळलेलं लोह ५.६ ते ८.५ मिलिग्रॅम मिळतं.

हे फक्त कागदावरचं आहे का? ग्रामीण महाराष्ट्रात वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना काही महिने अशा बाजरीची भाकरी देऊन चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होतं, ती मुलं सहा महिन्यांत कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा १.६४ पट जास्त दिसली. पुढे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक ते दीड वर्षाच्या बाळांवर झालेल्या चाचणीत मात्र एकूण गटात असा फरक आढळला नाही. लहान बाळ खातंच किती? त्यामुळे जैवसंपृक्त बाजरी म्हणजे औषध, असा प्रचार कुणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. रोज भरपेट भाकरी खाणाऱ्या घराला तिचा फायदा आहे.

भाव मिळत नाही, ही खरी अडचण

धनशक्ती घ्या म्हटलं की शेतकरी विचारतात, "साहेब, खासगी संकरित वाणापेक्षा उतारा कमी, मग का घ्यायचा?" प्रश्न रास्त आहे. धनशक्ती साधारण ७५ दिवसांत येतो, दाणा टपोरा असतो, हेक्टरी सुमारे २२ क्विंटल उत्पादन देतो. चांगल्या संकरित वाणाशी उताऱ्यात त्याची बरोबरी होत नाही. आणि बाजारात त्याला वेगळा भाव नाही. २०२५-२६ च्या हंगामात बाजरीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २,७७५ रुपये होती. दाण्यात लोह ४० पीपीएम असो वा ७०, किंमत तीच. खरेदी केंद्रावर ओलावा बघतात, काडीकचरा बघतात, किडका दाणा बघतात. लोह-जस्ताचा रकाना त्या तक्त्यात नाही. आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात २०२३ साली मेळावे खूप झाले, पण हा रकाना कुणी वाढवला नाही. गिरणीत पोषण मिसळायला पैसे आहेत आणि शेतात पोषण पिकवणाऱ्याला नाहीत, हे माझ्या मते धोरणातलं मोठं भोक आहे. शालेय पोषण आहार किंवा अंगणवाडीसाठी त्याच तालुक्यातली जैवसंपृक्त बाजरी-ज्वारी थोड्या जास्त दराने घेतली, तर बियाण्याची मागणी आपोआप तयार होईल.

तोपर्यंत माझा सल्ला असा: विक्रीसाठी तुम्हाला परवडेल तो वाण घ्या, पण घरच्या खाण्यापुरते १०-१५ गुंठे धनशक्तीला ठेवा. हा सुधारित वाण आहे, संकरित नाही. बियाणं घरचं धरता येतं. मात्र बाजरीत परपरागीभवन होतं, म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून किमान २०० मीटर लांब हवा. मधल्या भागातली चांगली कणसं निवडून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी विद्यापीठाकडून नवं बियाणं आणा. एएचबी १२०० आणि १२६९ संकरित असल्याने त्यांचं बियाणं दरवर्षी नवंच घ्यावं लागतं.

जमिनीत नाही तर दाण्यात कुठून येणार

मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर काढून बघा. जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी किंवा लोह ४.५ पीपीएमपेक्षा कमी असेल तर जमीन कमतरतेची समजतात. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात.

जस्ताच्या बाबतीत खताचा परिणाम दाण्यापर्यंत पोहोचतो. कमतरता असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात दहा-पंधरा दिवस मुरवून पेरणीपूर्वी द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये एकत्र करून देऊ नका, स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात. गव्हात दाणे भरताना ०.५ टक्के झिंक सल्फेटची फवारणी केल्यास दाण्यातलं जस्त वाढतं. द्रावणात निम्म्या प्रमाणात चुन्याची निवळी मिसळा, नाहीतर पानं करपतात.

लोहाचं तसं नाही. फेरस सल्फेट दिल्याने पिवळेपणा जाईल, उत्पादनही सुधारेल, पण दाण्यातलं लोह फारसं वाढत नाही. ते मुख्यतः वाणावर ठरतं. म्हणून "आमचं खत वापरा, धान्यातलं लोह दुप्पट" असं सांगणारा विक्रेता आला तर त्याच्याकडे तपासणी अहवाल मागा. तो अहवालही जपून वाचा. मळणीच्या वेळी चिकटलेल्या मातीमुळे दाण्यातलं लोह फुगलेलं दिसतं, आणि त्या मातीतलं लोह अंगी लागत नाही.

चुलीजवळचं काम

धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो, कारण दाण्यातलं फायटिक आम्ल त्याला धरून ठेवतं. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर असेल तर शोषण वाढतं. मटकी-हुलग्याला मोड आणले, पीठ आंबवून आंबील केली तर फायटिक आम्ल कमी होतं. जेवणाला लागून चहा घेतला की उलट होतं, निदान तासभर अंतर ठेवा. बाजरीचं पीठ आठवड्याभरात कडू होतं, थोडंथोडंच दळा, आणि चाळून कोंडा फेकू नका.

आता त्या निळ्या गोळीबद्दल. किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. गरोदर महिलांना लाल गोळी रोज, किमान १८० दिवस. गरोदरपणातली गरज किंवा ठरलेला रक्तक्षय भाकरीने भरून निघत नाही, तिथे गोळीच लागते. मळमळ होते म्हणून मुली ती टाळतात. उपाशीपोटी न घेता रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळी होणं हा आजार नाही, हे आधीच सांगून ठेवा. कॅल्शियमची गोळी, दूध किंवा चहाबरोबर ती घेऊ नये, किमान दोन तासांचं अंतर हवं. मेडिकलमधून स्वतःहून आणलेले महागडे मल्टीव्हिटॅमिनचे डबे मात्र रक्त तपासल्याशिवाय सुरू करू नका. ज्याला कमतरता नाही, त्याच्या शरीरात जादा लोह साठत जातं.

त्या वहिनींना मी मूठभर पिवळसर दाणे तासभर भिजवून, शिजवून दाखवले. ते भातासारखेच मऊ झाले. "मग आधी का नाही सांगितलं कुणी?" असं त्या म्हणाल्या. येत्या खरिपात त्यांच्या बांधालगतच्या १२ गुंठ्यांत धनशक्ती पेरायचं ठरलं आहे. शेजारच्या दोन शेतांत संकरित बाजरी असते आणि ती २०० मीटरच्या आतच आहे, त्यामुळे यंदाचं पीक फक्त खाण्यासाठी, बियाणं पुढच्या वर्षीही विद्यापीठाकडूनच घ्यावं लागेल.