तराजू मुलांच्या हाती द्या

पहिलीच्या मुलाला ‘जड’ आणि ‘हलके’ हे शब्द शिकवावयाचे असतात. पुष्कळ शाळांत हे काम चित्रावरच उरकले जाते. पानावर एकीकडे हत्ती, दुसरीकडे उंदीर; जड असेल त्यावर खूण करा. मूल खूण करते आणि पाठ संपतो. वस्तुतः मुलाने काहीच तोललेले नसते. त्याने फक्त आकार पाहिलेला असतो. मोठे ते जड हा जो भ्रम या पाठाने घालवावयाचा, तोच त्याने पक्का होतो.

फुगवलेला फुगा आणि लिंबू मुलाच्या दोन हातांत द्यावेत, त्याला अंदाज सांगू द्यावा, मग पारड्यात पडताळा घेऊ द्यावा. दगड वांग्याहून जड आणि वांगे लिंबाहून जड ठरले, तर दगड आणि लिंबू तोलण्याची गरजच उरत नाही, हे ज्या दिवशी मुलाला उमगते, त्या दिवशी त्याने तर्काची पहिली पायरी चढलेली असते. एकच लिंबू कोणाच्या चिंचोक्यांनी कमी भरते, कोणाच्या जास्त. या भांडणातूनच सर्वांना मान्य अशा एका मापाची गरज मुलांना पटते. शेर आणि मण प्रांतोप्रांती निराळे असलेल्या या देशालाही ती पटावी लागली. 1956 साली संसदेने मापांचा कायदा केला आणि ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. समान माप हा समाजाने आपसांत केलेला करार आहे.

हा करार मोडला की कोण नागवले जाते, हे ऊसकरी शेतकऱ्याला विचारावे. ‘काटामारी’ हा शब्द त्याच्याच अनुभवातून आला आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. परंतु पाच किलो म्हणजे खरोखर पाच किलोच, हे कागद ठरवीत नाही, काटा ठरवितो. दांडीची एक बाजू लांब असेल, तर पारड्यांतील वस्तूंची अदलाबदल करताच लबाडी उघडी पडते. ही युक्ती सात वर्षांचे मूलही खेळता खेळता शोधून काढू शकते. अट एवढीच की तराजू त्याच्या हाती असला पाहिजे.

आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, मग या जुन्या तराजूचे काय काम, असे कोणी म्हणतील. उलट, आता त्याची गरज अधिकच आहे. दांडी निदान डोळ्यांना दिसत होती. पडद्यावरचा आकडा केवळ विश्वासावर घ्यावा लागतो. माल ठेवण्यापूर्वी आकडा शून्य आहे काय, एक किलोचे प्रमाणित वजन ठेवल्यावर तो एक किलोच दाखवितो काय, हे विचारण्याची सवय ज्याला बालपणी लागली नाही, तो पुढे आकड्यापुढे मान तुकविणारच.

महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब आणि शेतीचे ज्ञान मागितले, ते उगाच नव्हे. 2021 पासून ‘निपुण भारत’च्या नावाने मुलांच्या अंकज्ञानाचे मोजमाप चालू आहे. मुलांना मोजणाऱ्या शासनाने मुलांच्या हाती मोजण्याचे साधन दिले आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. साधन महागही नाही. एक काठी, थोडी सुतळी आणि दोन करवंट्या एवढ्यात तराजू होतो.

दोष एकट्या शासनाचा नाही. पुरोगामी चळवळ शिक्षणाविषयी बोलते ती अनुदान, शुल्क आणि रिक्त जागा यांविषयी. ते आवश्यकच आहे. परंतु वर्गात काय शिकविले जाते याकडे तिने पाठ फिरविली. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील बैठकीत एवढेच विचारावे: आपल्या शाळेत तराजू आहे काय? असल्यास तो कपाटात आहे की मुलांच्या हातांत?