राखीव म्हणजे कोणासाठी राखलेलं?

गावकऱ्यांनो, 'रिझर्व' हा इंग्रजी शब्द कर्जत-खालापूरच्या वाड्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ आहे. मराठीत त्याला राखीव म्हणतात. निवडणुकीत राखीव जागा म्हणजे आपल्यासाठी ठेवलेली. मग राखीव जंगल कोणासाठी ठेवलं? इंग्रज सरकारने १८७८ चा आणि मग १९२७ चा कायदा करून ते सरकारसाठी ठेवलं. परवानगी नसेल ती प्रत्येक गोष्ट तिथे गुन्हा. दळीवर नाचणी-वरी पिकवणारे आपण अतिक्रमणवाले ठरलो.

आपलं राखणं वेगळं. आपण पिकाची राखण करतो, देवाचं रान राखतो, बियाणं राखून ठेवतो. का? तर पुढच्यांनाही पुरावं म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ ने गावाचं हे राखणं हक्क म्हणून मानलंय, राखीव जंगलातसुद्धा. कलम ५ ने ग्रामसभेला जंगल सांभाळायचा अधिकार दिलाय.

म्हणून नुसते प्लॉटचे दावे भरून थांबू नका. ग्रामसभा बोलवा, बायांनाही बसवा, हद्दीच्या खुणा लिहून काढा आणि सामूहिक वनाचा दावा टाका. तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण आपलीच हाय. जंगल आपण राखलंय.