गावच्या घरी पाणी तापवायला सौर पॅनेल: अनुदान कोणत्या छतावर घ्यावे?

आपण राहता बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये आणि गणपतीला, मे महिन्यात उघडणारे घर आहे सिंधुदुर्गात. पीएम सूर्यघर योजनेत त्या घरावर पॅनेल बसवून गीझर फुकटात चालेल का, हा प्रश्न पडणे साहजिक आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट 30,000 रुपये अनुदान मिळते. 3 किलोवॉट व त्यापुढे कमाल 78,000 रुपये. मात्र सौर पॅनेलसाठी आधी अनुदान घेतलेल्या कुटुंबाला ते पुन्हा मिळत नाही. म्हणून छत विचारपूर्वक निवडावे.

आता हिशेब पाहू. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांपर्यंत तापवायला सुमारे साडेतीन युनिट लागतात. वर्षात 40 दिवस मुक्काम धरला तर 140 युनिट. 1 किलोवॉटचे पॅनेल वर्षाला साधारण 1,400 युनिट देते. म्हणजे पाण्यासाठी दहावा भागच लागेल. युनिटला 8 रुपये धरले तरी बचत 1,120 रुपयांची, आणि अनुदान वजा जाता खिशातून किमान 20,000 रुपये जातील. उरलेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते, पण वर्षअखेरीस शिल्लक युनिटना मिळणारा दर बहुधा आपल्या खरेदीदरापेक्षा कमी असतो. नुसत्या आंघोळीच्या पाण्यासाठी हा खर्च परवडत नाही. तिथे जुना बंबच बरा.

गावी आईवडील बारमाही राहत असतील, पंप, फ्रिज चालत असेल, तर गणित बदलते. एचएसआरमध्ये आपण भाड्याने राहत असाल तर स्वतःचे छत गावचेच. अर्जापूर्वी वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मीटर आजोबांच्या नावावर आणि घर सामाईक असेल, तर आधी नाव बदलून घ्यावे लागेल. कोकणात आणखी एक अडचण: बॅटरीशिवायची ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते, मग बाहेर कितीही ऊन असो.

एचएसआरमध्ये स्वतःचे घर असेल तर गृहज्योतीचे बिल आधी तपासा. 2022-23 च्या सरासरी वापरावर 10 टक्के, पण 200 युनिटपर्यंतच, वीज मोफत मिळते. बिल शून्य येत असेल तर तिथेही पॅनेलने फारसे वाचणार नाही. पाणी थेट तापवणाऱ्या सौर बंबाला सूर्यघरचे अनुदान नाही.