चिक्की पास, श्रीखंडवडी नापास!

अमेरिकेत मैत्रिणीकडे जायचं म्हणजे अर्धी बॅग खाऊची, हे काय वेगळं सांगायला हवं? सोनपापडी, श्रीखंडवड्या, आंबापोळी, चिक्की, सगळं कोंबून मी नॉर्थ कॅरोलिनाला पोचले. बाईसाहेबांनी मिठी मारली, बॅग उघडली आणि एकेक पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचायला बसल्या!

'अगं, सगळं व्हेज आहे. हिरवा ठिपका बघ ना,' मी जरा फुगूनच म्हटलं.

'हिरव्या ठिपक्यात दूध चालतं. मला नाही चालत.'

'एका वडीने काय होणारे?' यावर तिने पर्समधून एपिनेफ्रिनचं पेन काढून टेबलावर ठेवलं. मी गप्प.

झालं असं, की ट्रेकला तिला गोचीड चावली. लोन स्टार टिक, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असतो ती. (बिचारीच्या मागे ठिपकेच लागलेत!) काही आठवड्यांनी रात्री आठला बर्गर खाल्ला आणि बाराला अंगभर पित्त, घसा आवळलेला, थेट इमर्जन्सी. निदान: अल्फा-गॅल सिंड्रोम. अल्फा-गॅल ही बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगात असणारी साखर, माणसात मात्र नसते. गोचीड चावल्यावर काहींना तिची अ‍ॅलर्जी होते. रिअ‍ॅक्शन साधारण दोन ते सहा तासांनी येते, त्यामुळे जेवणावर संशयच जात नाही. २०१० ते २०२२ या काळात अमेरिकेत अशा १ लाख १० हजार संशयित केसेस सापडल्याचं तिथल्या सीडीसीने २०२३ मध्ये सांगितलं.

मटण, बीफ सोडणं सोपं हो. खरा घोळ डेझर्टचा. मार्शमेलो, गमीज, मूस यांत जिलेटिन, म्हणजे बहुधा डुकराचं किंवा गाईचं. केकमध्ये बटर, चॉकलेटमध्ये व्हे. 'नॉन-डेअरी' क्रीमरमध्येसुद्धा सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रोटीन, असू शकतं. दूध असेल तर तिकडच्या लेबलवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. पण 'नॅचरल फ्लेवर्स' किंवा मोनोग्लिसराइड्स प्राण्यांपासून आले की वनस्पतींपासून, हे सांगायचं बंधन नाही. मग कंपनीला मेल टाका आणि वाट बघा! बरं, 'व्हेगन' दिसलं की सुटलो म्हणावं, तर पुडिंगमध्ये कॅराजीनन. येतं समुद्रातल्या शेवाळातून, पण त्यातही अल्फा-गॅल असतं.

सगळ्यांनाच दूध बाधतं असं नाही. अनेकांना चालतं, आणि ते डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचं. हिला मात्र आइस्क्रीमने दगा दिला होता.

तर निकाल! आंबापोळीत आंबा आणि साखर, पास. चिक्कीत शेंगदाणे, गूळ, ग्लुकोज, पास. सोनपापडीत तूप, नापास. श्रीखंडवड्या मी एकटीने संपवल्या, तेही गॅलरीत बसून.

पुढच्या खेपेची यादी तिने आत्ताच मेल केलीये. चिक्की दोन किलो, आंबापोळी जमेल तेवढी. आणि खाली ठळक अक्षरांत: 'प्लीज, पाकिटं फोडून डब्यात भरू नकोस!'