दिल्ली ते दिंडोरी

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्याने दिलेला कौल अनेकांनी सोयीस्करपणे विस्मरणात टाकला आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील १५ पैकी १४ जागा महायुतीच्या पदरात पडल्या आणि विजयाच्या गुलालात लोकसभेतील पराभवाची जखम दिसेनाशी झाली. मात्र पराभवाचे चिंतन विजयानंतरच खऱ्या अर्थाने शांत चित्ताने करता येते. पराभवाच्या दिवशी होते ती केवळ कारणांची शोधाशोध.

दिंडोरी मतदारसंघाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात सुरगाणा, पेठ, कळवण यांसारखे डोंगराळ वनवासी तालुके आहेत आणि निफाड, चांदवड, येवला यांसारखे कांदा व द्राक्षांचे पट्टेही आहेत. २०१९ मध्ये येथून डॉ. भारती पवार जवळपास दोन लाखांच्या मताधिक्याने निवडून आल्या. पेशाने वैद्यक, जिल्हा परिषदेच्या कामातून तयार झालेल्या आणि ज्येष्ठ आदिवासी नेते ए. टी. पवार यांच्या घराण्याचा वारसा लाभलेल्या या खासदारांना जुलै २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य राज्यमंत्रिपद मिळाले. तो काळ महामारीचा होता. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने लसीच्या शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्या खात्याच्या कारभारात दिंडोरीची लोकप्रतिनिधी सहभागी होती. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये जनजातीय कार्य मंत्रालयाच्या राज्यमंत्रिपदाचा अतिरिक्त भारही त्यांच्याकडे आला. सह्याद्रीच्या कुशीतील मतदारसंघातून निवडून गेलेल्या एका आदिवासी महिलेने राजधानीत एवढी जबाबदारी पेलणे, ही कोणत्याही पक्षाने अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट आहे.

तरीही २०२४ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना एक लाख तेरा हजारांहून अधिक मतांनी पराभूत केले. असे का घडले?

उत्तर लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजार समित्यांत आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये दराने दोन लाख टन जादा कांदा खरेदी करण्याचे जाहीर केले, पण असंतोष शमला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले आणि ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्णतः बंद झाली. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, परंतु मुदत संपण्यापूर्वीच ती बेमुदत वाढवण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस मुख्यतः गुजरातमधील दोन हजार टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाल्याची वार्ता आली, तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्याचा संयम सुटला. ४ मे रोजी बंदी उठली, तीही ४० टक्के शुल्क आणि ५५० डॉलरचे किमान मूल्य कायम ठेवून. जिल्ह्यात मतदान होते २० मे रोजी. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतच्या सभेत प्रधानमंत्र्यांचे भाषण चालू असताना गर्दीतून एका तरुणाने ‘कांद्यावर बोला’ असा आवाज दिला. तो एका तरुणाचा असला, तरी शिवारातील खदखद त्यातून व्यक्त झाली. निकालानंतर महायुतीच्या नेत्यांनीही कांद्याने फटका दिल्याचे उघडपणे मान्य केले.

कांद्याचे राजकारण करणे सोपे, कांद्याचे पंचांग समजून घेणे कठीण. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत चार-पाच महिने टिकतो. भाव पडला तर शेतकरी थांबू शकतो. खरिपाच्या लाल कांद्याचे तसे नाही. तो हिवाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतो, त्यात पाण्याचा अंश अधिक असतो आणि तो साठवता येत नाही. काढला की विकावाच लागतो. त्यामुळे डिसेंबरात आलेली बंदी नेमकी त्या कांद्यावर आली, ज्याच्या मालकाला थांबण्याची सोयच नव्हती. क्विंटलमागे पाचशे रुपयांनी भाव उतरला, तर शंभर क्विंटल पिकवणाऱ्याचे पन्नास हजार रुपये काही दिवसांत जातात. शहरातील ग्राहकाला महागाईची झळ लागू नये, हा सरकारचा हेतू अयोग्य म्हणता येणार नाही. कांदा महागला म्हणून सरकारे अडचणीत आल्याचा इतिहास या देशाला आहे. पण ग्राहकाच्या संरक्षणाचा संपूर्ण भार उत्पादकाने एकट्याने वाहावा, हा न्याय नव्हे. आणि निर्णय घ्यायचाच होता, तर लाल आणि उन्हाळ कांद्यातील हा फरक दिल्लीतील संचिकेवर कोणी नोंदवायचा?

येथे संसदीय व्यवस्थेतील एका अडचणीकडे लक्ष वेधले पाहिजे. साध्या खासदाराला तारांकित प्रश्न विचारता येतो, शून्य प्रहरात विषय मांडता येतो, नियम ३७७ खाली निवेदन देता येते, स्थायी समितीत बसून अधिकाऱ्यांना खुलासा मागता येतो. मंत्री झाल्यावर ही सर्व साधने हातून जातात. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. तो स्थायी समितीचा सदस्य असू शकत नाही. सामूहिक उत्तरदायित्वाच्या तत्त्वामुळे सरकारच्या निर्णयाविरुद्ध त्याला जाहीरपणे बोलताही येत नाही. जिल्ह्याला लाल दिव्याच्या काळापासून मंत्रिपदाचे अप्रूप आहे, परंतु मंत्रिपद मिळाले त्याच दिवशी जिल्ह्याचा सभागृहातील आवाज काही अंशी मिटतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. कांदा हा आरोग्य खात्याचा विषय नव्हता. ग्राहक व्यवहार, वाणिज्य, अर्थ आणि कृषी अशा चार दारांतून तो फिरतो. मात्र तो दिंडोरीच्या संसाराचा विषय होता. अशा वेळी बंद दाराआडचा आग्रह हेच एकमेव साधन उरते, आणि त्या आग्रहाला बळ जिल्ह्यातूनच मिळावे लागते.

ते बळ मिळाले का? खरे आत्मपरीक्षण या प्रश्नापाशी सुरू होते. संघटनेचे जाळे गावोगाव पसरलेले असताना चाळीतला आणि शेतातला कांदा किती, कोणत्या दराने गेला, कोणत्या गावात रोष आहे, याची वेळेवर आणि न सजवलेली माहिती वर पोहोचली पाहिजे होती. बहुतेक वेळा कार्यकर्ता वरून आलेला संदेश खाली नेण्यात वाकबगार असतो. खालचा संदेश वर नेताना मात्र त्याची जीभ अडखळते. नेत्याला अप्रिय ते सांगणे म्हणजे निष्ठेत उणेपणा, असा समज रुजला की संघटना एकेरी रस्ता बनते. मग जे सांगायचे ते मतदार स्वतःच सांगतो, आणि तो मतयंत्राच्या भाषेत सांगतो.

नाशिकच्या सार्वजनिक जीवनात याहून वेगळी उदाहरणे आहेत. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात आघाडीवर राहिलेल्या या नेत्याने भूमिहीनांचा प्रश्न संसदेतही मांडला आणि त्यासाठी रस्त्यावर सत्याग्रहही उभे केले. सभागृह आणि शिवार ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन टोके होती. चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. ते मूळचे सातारा जिल्ह्यातील, परंतु १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, याचे श्रेय जिल्हा आजही त्यांना देतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘तेजस मार्क १ए’ या विमानाने त्याच ओझरहून पहिले उड्डाण केले. वैचारिक मतभेद बाजूला ठेवून मान्य करावे लागेल की राजधानीतील पदाचा असा उपयोग साठ वर्षे फळ देतो.

याउलट डिसेंबर २०२२च्या सुमारास सुरगाणा तालुक्यातील सीमावर्ती गावांनी ‘आम्हाला गुजरातमध्ये सामील करा’ अशी मागणी केली. रस्ता, पाणी, दवाखाना आणि शाळा पलीकडच्या गावात आहेत, इकडे नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्राच्या अस्मितेची भाषणे ठोकणाऱ्या सर्वपक्षीयांना ती चपराक होती. मतदारसंघाचा प्रतिनिधी केंद्रात मंत्री, राज्यात स्वतःच्याच विचारांचे सरकार, आणि तरीही सीमेवरच्या गावाला शेजारचे राज्य आपले वाटावे, हे चित्र कोणत्याही जाहिरातीने पुसले जात नाही.

आता दिंडोरीचे प्रतिनिधित्व भास्कर भगरे आणि नाशिकचे राजाभाऊ वाजे करतात. दोघेही विरोधी बाकांवरचे. त्यांना प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य आहे; निर्णयाची सत्ता नाही. १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरील उरलेले २० टक्के निर्यातशुल्कही रद्द झाले. याचे श्रेय घेण्याची चढाओढ झाली, ती होणारच. पण शुल्क कधी लागावे, किती दिवस राहावे आणि शेतकऱ्याला आगाऊ सूचना किती द्यावी, याचे स्थिर धोरण ठरवून घेण्याचे काम घोषणांनी होत नाही. नाशिक-पुणे रेल्वेमार्गाचेही तसेच आहे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा मूळ मार्ग खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आक्षेपात अडकला आणि रेल्वे मंत्रालयाने शिर्डीमार्गे जाणारा पर्याय पुढे केला. येथे सत्ताधारी आमदार आणि विरोधी खासदार यांनी एकत्र बसून तांत्रिक तोडगा मागितला, तरच जिल्ह्याचे हित साधेल. पक्षाचे झेंडे रेल्वेच्या रुळांवर रोवता येत नाहीत.

लोकप्रतिनिधीच्या कामाचे मोजमापही बदलण्याची गरज आहे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. सहा विधानसभा क्षेत्रांत ती रक्कम विभागली, तर प्रत्येकी सुमारे ८३ लाख होतात. त्यातून सभामंडप, व्यायामशाळा, काँक्रिटचे रस्ते होतात आणि त्यांवर नावाच्या पाट्या लागतात. सामान्य मतदार याच पाट्या मोजतो. दिल्लीतील एका अधिसूचनेने शेतकऱ्याच्या घरातून जाणारा किंवा येणारा पैसा या निधीहून कितीतरी मोठा असतो, परंतु अधिसूचनेला पाटी नसते. केंद्राच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समितीचे, म्हणजे ‘दिशा’चे, अध्यक्षपद खासदाराकडे असते आणि तिची बैठक दर तिमाहीस व्हावी असा नियम आहे. ती झाली का, तिच्यात काय ठरले आणि त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारा नागरिक विरळाच.

कार्यकर्त्यांनी आणि सुजाण कुटुंबांनी हा प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. प्रतिनिधी आपल्या विचारांचा असेल तर अधिक आवर्जून विचारला पाहिजे, कारण परक्याच्या चुकीची किंमत परका मोजतो, आपल्या माणसाच्या चुकीची किंमत सारी चळवळ मोजते. प्रत्येक तालुक्यात पीक, पाणी, आरोग्य केंद्र आणि रस्ता यांची खरी नोंद ठेवणारे दोन-चार कार्यकर्ते तयार झाले, ती नोंद अधिवेशनापूर्वी प्रतिनिधीच्या हाती पडली आणि अधिवेशनानंतर त्याचा हिशेब गावात मागितला गेला, तर दिल्ली आणि दिंडोरी यांतील अंतर खचितच कमी होईल. प्रचाराच्या पंधरा दिवसांत ते कापता येत नाही. त्यासाठी पाच वर्षे रोज चालावे लागते, आणि चालण्याचा प्रारंभ पुढच्या निवडणुकीच्या घोषणेची वाट न पाहता आजच करावा लागेल.