विश्लेषण : मटण आणि सिगारेट एकाच यादीत? लाल मांसाचा धोका नेमका किती?

आखाड आला की मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि व्हॉट्सॲपवर जुनाच संदेश नव्याने फिरतो : मटण सिगारेटइतकेच घातक, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा. यात अर्धे खरे आहे, पण ते अर्धेही मटणाबद्दलचे नाही.

यादी काय सांगते?

ऑक्टोबर २०१५ मध्ये या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस 'गट १' मध्ये टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांचे साधे मांस म्हणजे लाल मांस. ते 'गट २ अ' मध्ये आहे, म्हणजे कर्करोगास 'बहुधा' कारणीभूत. हे गट धोका किती मोठा ते सांगत नाहीत, पुरावा किती पक्का एवढेच सांगतात. पायरीवरून पडले तरी लागते आणि पाचव्या मजल्यावरून पडले तरी. पुरावा दोन्हींचा पक्काच.

१७ टक्के म्हणजे किती?

रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. रोज १०० ग्रॅम लाल मांसाचा आकडा १७ टक्के, तोही ते खरोखर कारण असेल तर. समजा, हजारातल्या १० जणांना हा आजार होणार आहे. १७ टक्के वाढ म्हणजे १० चे साधारण १२; २७ नव्हे.

प्रक्रिया म्हणजे खारवणे, आंबवणे, धुरी देणे, टिकवण्यासाठी रसायने घालणे. सलामी, सॉसेज, बेकन यात येतात. गोव्याचा चोरीसही येतो, चवीला कितीही भारी असला तरी. पाकिटावर 'चिकन' लिहिले म्हणून सॉसेज सुटत नाही. घरचा खिमा मात्र यात नाही.

साध्या मांसातही हीम हा लोहयुक्त घटक आणि करपलेल्या भागात तयार होणारी रसायने यांच्यावर संशय आहे. रश्श्यावरच्या तवंगातली संपृक्त चरबी हृदयासाठी वाईट. मधुमेहाचेही आहेच : २०२४ मध्ये 'लॅन्सेट'च्या मधुमेहविषयक नियतकालिकात सुमारे १९ लाख ७० हजार लोकांच्या माहितीचे विश्लेषण आले. त्यात रोज १०० ग्रॅम लाल मांसामागे टाइप २ मधुमेहाचा धोका १० टक्के जास्त दिसला. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. याच मुद्द्यावर २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने 'खाणे कमी करायची गरज नाही' असे म्हटले आणि मोठा वाद झाला.

मग फायदा कोणाला?

मांसातले लोह पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. शिवाय बी१२ जीवनसत्त्व मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याच पाहणीत आठवड्यातून एकदा तरी मांस-मासळी खाणारे पुरुष ५७ टक्के, महिला मात्र ४५ टक्के. ज्यांना लोहाची गरज जास्त, त्यांच्याच ताटात कमी पडते. घरोघरी शेवटी जेवायला कोण बसते, ते सांगायला नको.

किती चालेल?

जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला : शिजवलेले लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, प्रक्रिया केलेले शक्यतो टाळा. रविवारी एक किलो मटण चौघांत वाटणारे घर या मर्यादेच्या बरेच आत आहे. युरिक ॲसिड, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असेल, तर आपले प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.