संघातून वगळताना मुलाला काय सांगायचं?



आपल्या ब्लॉगवर नेहमी पाठ आणि निबंध असतात. आज मात्र क्रिकेटवर लिहितेय. मी पक्की चाहती आहे, तेव्हा मतं जरा ठाम असतील. सांभाळून घ्या!

2 नोव्हेंबर 2025. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाची फायनल. आमच्या बेलापूरहून दोन स्टेशनं, पण तिकीट काही मिळालं नाही. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपण 52 धावांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांच्या तोंडी शफाली आणि दीप्ती. माझ्या डोक्यात मात्र दोन आठवड्यांपूर्वीचा इंदूरचा सामना होता.

19 ऑक्टोबरला इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं आणि तिच्या जागी रेणुका सिंगला घेतलं. मी घरात टीव्हीसमोर चिडले होते. आता शांत डोक्याने विचार केला तर कारण समजतं. आधीच्या रविवारी विशाखापट्टणमला आपण 330 धावा करूनही ऑस्ट्रेलियाने सामना नेला होता. पाच गोलंदाज पुरत नव्हते, सहावा हवाच होता. जेमिमा दोनदा शून्यावर बाद झालेली, म्हणून तिचा नंबर लागला. पण मला विचाराल तर बसवायला ती नको होती. क्षेत्ररक्षणात ती ज्या धावा वाचवते त्या स्कोअरकार्डवर दिसत नाहीत. आणि झालं काय? हातात चार विकेट असताना आपण चार धावांनी हरलो. स्पर्धेतला सलग तिसरा पराभव.

पुढे जे झालं ते मला निवडीपेक्षा मोठं वाटतं. चारच दिवसांत, न्यूझीलंडविरुद्ध, तिला परत घेतलं आणि थेट तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. नाबाद 76. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचं 339 चं लक्ष्य, पुन्हा तिसरा क्रमांक, नाबाद 127. त्यानंतर ती रडत रडत बोलली, की स्पर्धेत जवळजवळ रोज रडत होते, मनावर ताण होता, संघातल्या मैत्रिणी सोबत बसायच्या. ते ऐकताना मी रिमोट खाली ठेवला.

कारण मला आमच्या शाळेतली एक मुलगी आठवली. तीनेक वर्षांपूर्वी खो-खोच्या बारा जणींची यादी मी फळ्यावर लिहिली आणि ऑफिसात निघून गेले. महिनाभर रोज सरावाला येणाऱ्या त्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. तिच्यापेक्षा चपळ मुलगी मिळाली होती, निवड चुकीची नव्हती. पण मी तिला वेगळं बोलावून दोन वाक्यं बोलले नाही. ती मैदानावर परत आलीच नाही. पुढे तिची आई भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तिला वाटलं तुम्ही रागावलात." मी काय उत्तर देणार?

प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांचं मला म्हणून विशेष वाटतं. मुंबईकडून खेळलेला माणूस, प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. बाहेर बसणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको.

सगळेच निर्णय बरोबर होते असं नाही हं. शफाली वर्मा मूळ पंधरात नव्हती आणि राखीव यादीतही नव्हती, हे मला आजही पटत नाही. प्रतिका रावलला बांगलादेशविरुद्ध दुखापत झाली म्हणून ती आली. फायनलला 87 धावा केल्या. वर हरमनप्रीतने वनडेत फारशी गोलंदाजी न केलेल्या त्या मुलीच्या हातात चेंडू दिला आणि तिने दोन विकेट काढल्या. ही हिंमत म्हणायची. नशीब म्हणणाऱ्यांशी मी भांडेन! आणि प्रतिका? 308 धावा करून व्हीलचेअरवर बसून जल्लोषात आली होती. तिला बाजूला ठेवून तो फोटो काढला असता तर मला विजय अर्धाच वाटला असता.

पालकांनो, "माझ्या मुलाला का नाही घेतलं?" असं विचारायला तुम्ही आलात तर आम्हाला राग येतो, हे कबूल करते. पण विचारा. फक्त मुलासमोर "सर तर आपल्याच माणसांना घेतात" असं म्हणू नका. ते ऐकलेलं मूल सराव सोडतं, मग आम्ही कितीही समजावलं तरी.

पुढच्या महिन्यात आमच्या खो-खोच्या निवडी आहेत. अठरा मुली सरावाला येतात. सहा जणींना नाही म्हणायचंय. यंदा यादी फळ्यावर जायच्या आधी त्या सहा जणींना मधल्या सुट्टीत एकेकटीला भेटणार आहे. काय बोलायचं ते अजून जुळवतेय. तुम्ही तुमच्या शाळेत कसं सांगता?